पार परभणीहून

गोल्फ हा खेळ नसून ती एक वेतनश्रेणी आहे, असं माझं बरीच वर्षं प्रामाणिक मत होतं. या मताची सगळी जबाबदारी हिंदी सिनेमावर. सिनेमात नायिकेच्या श्रीमंत वडिलांना गरीब नायकाची लायकी काढायची असली, की ते पांढरी टोपी घालून हिरवळीवर उभे राहत, चेंडूला एक टोला हाणत आणि मग काय ते बोलत. नायक मान खाली घालून निघून जाई. त्या चेंडूचं पुढे काय झालं, तो कुठे पडला, कुणी शोधून आणला, हे एकाही दिग्दर्शकानं कधी दाखवलं नाही. त्यामुळे गोल्फ म्हणजे एक टोला आणि एक अपमान, एवढीच आमची समजूत.

आमची म्हणजे परभणीकरांची. मी इथल्या एका बँकेत क्लार्क आहे. बी. कॉम., सेकंड क्लास. प्रमोशन दोनदा दारापर्यंत आलं होतं, पण त्याच्या काखोटीला बदलीची ऑर्डर दिसली म्हणून दोन्ही वेळा मी त्याला चहापाणी करून परत पाठवलं. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं लोक म्हणतात. माझी परभणीतच बनली, तर मी गाव कशाला सोडू? अशा माणसानं गोल्फ खेळायला मुंबईच्या उपनगरात जायचा बेत आखावा आणि त्यात हेड कॅशियरपासून शिपायापर्यंत मंडळी सामील व्हावीत, हे ऐकून आमच्या हिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्याचं असं झालं. ७ ऑगस्ट २०२१, वार शनिवार. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटी असते. हा पडला पहिला, म्हणजे कामाचा. सकाळी शाखेत आलो तर कॅश उघडलेली नाही आणि हेड कॅशियर अप्पांच्या मोबाइलभोवती सगळे मास्क लावून उभे. टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक गोल्फ खेळत होती. जगात दोनशेव्या क्रमांकावरची मुलगी आणि पदकाच्या तोंडाशी आलेली! त्या सकाळी निम्म्या देशाला झोपेतून उठवून गोल्फचे नियम शिकवण्यात आले. आम्हांला एवढंच उमगलं, की ज्याचे फटके कमी तो वर, आणि उणे पंधरा म्हणजे उत्तम. हे काही अप्पांना पचेना. अठ्ठावीस वर्षं कॅश सांभाळलेला माणूस. संध्याकाळी एक रुपया उणे निघाला तर त्यांना जेवण जात नाही. ''उणे पंधरा आणि लोक टाळ्या वाजवतायत?'' असं ते दर पाच मिनिटांनी म्हणत होते.

शेवटच्या खड्ड्यावर अदितीचा चेंडू थोडक्यात हुकला. चौथा नंबर. एका फटक्यानं पदक गेलं. संध्याकाळी नीरज चोप्रानं भाला फेकून सोनं आणलं आणि देश गोल्फ विसरून गेला. आमची शाखा विसरली नाही, याचं कारण मामा.

मामा म्हणजे आमचे शिपाई. त्यांनी सकाळभर चेंडूकडे पाहिलंच नव्हतं. त्यांची नजर होती अदितीबरोबर भली मोठी थैली घेऊन चालणाऱ्या बाईंवर.

''ह्या बाई कोन म्हणायच्या?''

मी वाचून सांगितलं, की ती तिची आई. २०१६ साली रिओला वडलांनी थैली धरली होती, या खेपेला आईनं.

मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ''हे मला बी जमतंय की. तुमी खेळा सायेब, थैली मी धरतो.''

सगळे हसले. अप्पा तेवढे हसले नाहीत. त्यांनी कॅश उघडली.

बेत खरा शिजायला लागला तो यंदा, कारण येत्या मेअखेर मामा निवृत्त होतायत. बँकेतल्या माणसाला एलएफसी नावाची एक सवलत असते. ठरावीक वर्षांच्या ब्लॉकमध्ये बायकामुलांना घेऊन हिंडून यायचं, भाडं बँक देते. हिंडायचं नसेल तर ती सोडून रोख रक्कम घेता येते. मामांनी तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही प्रवास केला नाही, दर खेपेला रोख घेतली. एका ब्लॉकमध्ये थोरलीचं लग्न निघालं, एकात घरावर पत्रे आले, एकात शेतात बोअर पाडलं. म्हणजे मामांची कन्याकुमारी पत्र्यावर गेली आणि काश्मीर दोनशे फूट खाली गेलं. पाणी लागलं नाही ही गोष्ट वेगळी.

''या वेळी मामांना रोख घेऊ द्यायची नाही,'' अप्पांनी जाहीर केलं. ''प्रवास करवायचा.''

कुठं? आम्हांला वाटलं मामा तिरुपती म्हणतील. मामा म्हणाले, ''त्या पोरीच्या खेळाचं मैदान एकदा बगावं म्हणलं. जमलं तर.''

झालं. नियोजन समिती बसली. अध्यक्ष अप्पा, चिटणीस मी. मी कोऱ्या व्हाउचरच्या पाठीमागे मुंबईतल्या मैदानांची यादी केली. पहिलं नाव कुलाब्याचा यू. एस. क्लब. अप्पांना वाटलं अमेरिका. मी सांगितलं, युनायटेड सर्व्हिसेस, म्हणजे फौज. फौजेत जायचं आमचं वय उलटून गेलं होतं, सबब नाव खोडलं. दुसरं महालक्ष्मीकडचा विलिंग्डन क्लब. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी तो १९१८ साली काढला आणि गोऱ्यांच्या बरोबरीनं हिंदी माणसालाही आत घेतलं म्हणून त्याचं तेव्हा मोठं कौतुक झालं. तो हिंदी माणूस बहुधा संस्थानिक असे. आमच्यापैकी कुणाकडे संस्थान नव्हतं. तिसरं चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, १९२७ चा. हे उपनगर खरं, पण तोही सभासदांचा. तिथं जायला ओळखीचा सभासद पाहिजे, आणि आमच्या ओळखीचे सगळे सभासद कर्मचारी पतपेढीचे. यादीत राहिलं एक खारघर. नवी मुंबईत डोंगराच्या पायथ्याशी सिडकोनं २०१२ साली सुरू केलेलं, आणि नावापुढे चक्क 'सार्वजनिक' लिहिलेलं.

या शब्दापाशी समिती अडली. सार्वजनिक म्हटलं की आपल्याला नळ, गणपती, वाचनालय आणि शौचालय आठवतं. सार्वजनिक गोल्फ म्हणजे काय? सगळ्यांनी मिळून एकच चेंडू मारायचा? अप्पांचा पहिला प्रश्न, ''रांग असते का?'' मामांचा प्रश्न निराळा, ''आत सोडतेत का?''

खुलाशासाठी मी खारघरला मेहुण्याला फोन लावला. तो तिथं अकरा वर्षं राहतो. मराठवाड्यातल्या प्रत्येक घराचा एक मेहुणा नवी मुंबईत आणि एक पुतण्या पुण्यात असतोच.

''दाजी, गोल्फचं मैदान? आमच्या गच्चीवरून दिसतं की!''

''मग गेला असशील ना कधी?''

''छे! आपल्याला कोण जाऊ देतंय तिथं?''

''कुणी अडवलं?''

''अडवायला आधी जावं लागतं ना, दाजी!''

अकरा वर्षं हा गृहस्थ गच्चीवरून हिरवळ बघतो. पावसाळ्यात पांडवकड्याचा धबधबा बघायला जातो, सेंट्रल पार्कमध्ये पोरांना खेळवतो, पण शेजारच्या फाटकापर्यंत त्याचे पाय गेले नाहीत. फाटकावर कुणी 'मेहुण्यास प्रवेश नाही' अशी पाटी लावलेली नाही. ती पाटी आपण घरूनच गळ्यात अडकवून निघतो. मी बँकेत रोज पाहतो ना! काचेचं दार उघडंच असतं, तरी धोतरातला म्हातारा चपला बाहेर काढतो आणि मगच आत येतो. मामा दर वेळी उठून त्याच्या चपला आत आणून देतात.

वास्तविक या खेळाचं मूळ घर स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज. तिथलं सगळ्यांत जुनं मैदान आजही सार्वजनिक आहे. रविवारी तर तिथं गोल्फ बंद. गावची मंडळी त्या जगप्रसिद्ध हिरवळीवर कुत्री घेऊन फिरतात, पोरं बागडतात. म्हणजे जन्मगावी खेळ गावाचा होता. पुढे परदेशी जाताना त्यानं सूट शिवला. त्याच स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं १४५७ साली गोल्फवर बंदी घातली होती, कारण लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून चेंडूमागे धावायला लागले. आमच्याकडे एका साहेबांनी जेवणाच्या सुटीतला कॅरम बंद केला होता तेव्हा हा दाखला माझ्याजवळ असता तर बरं झालं असतं.

मी मेहुण्याला गळ घातली, की बाबा रे, एकदा फाटकापर्यंत जाऊन ये. तो रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून गेला. जणू मुलगी पाहायला चाललाय! तासाभरानं फोन आला. आवाज बदललेला. ''दाजी, सोडलं की हो आत! सभासद व्हायला नको, दिवसाची फी भरली की झालं. नवीन माणसानं आधी चेंडूंची टोपली घेऊन सरावाच्या पट्टीवर मारायचं म्हणे. आणि वॉचमन कुठला असेल सांगा? गंगाखेडचा!''

जनाबाईच्या गावचा माणूस फाटकावर आहे म्हटल्यावर मामांच्या जिवात जीव आला.

मग अभ्यास सुरू झाला. या खेळात दांडे जास्तीत जास्त चौदा. चेंडू साधारण सेहेचाळीस ग्रॅमचा, म्हणजे चार तोळ्यांना किंचित कमी. हे मी घरी सांगितलं तेव्हा हिनं तोळे तेवढे ऐकले. खड्डा सव्वाचार इंचांचा, आपल्या आमटीच्या वाटीएवढा. प्रत्येक खड्ड्याला फटक्यांचं एक अंदाजपत्रक ठरलेलं असतं. त्याला 'पार' म्हणतात. पारापेक्षा एक कमी तो पक्षी, दोन कमी तो गरुड. आमच्या गावाकडचा पार वडाखाली असतो आणि त्यावर बसून कुणी काही मारलंच तर गप्पा, त्यामुळे मामांना हा शब्द चटकन लक्षात राहिला.

आमच्या हिचा आक्षेप मूलभूत होता. ''अहो, चेंडू लांब मारायचा, मग त्याच्यामागे चालत जायचं, परत मारायचा, परत चालायचं. एवढं चालायचंच आहे तर हातात घेऊन जा की! सव्वाचार इंचांच्या वाटीत ठेवून परत या.'' मी नियमपुस्तक चाळलं. याचं उत्तर त्यात नाही.

अप्पांचं मन मात्र अजून उणे पंधरावरच घोटाळत होतं. ते वळलं ते एका अर्जेंटिनाच्या गृहस्थामुळे. गोल्फमध्ये आपलं कार्ड आपण लिहीत नाही, जोडीदार लिहितो. शेवटी आपण ते तपासून सही करायची. म्हणजे सरळ सरळ आपलं मेकर-चेकर! १९६८ साली अमेरिकेत ऑगस्टाला मास्टर्स स्पर्धा होती. शेवटच्या दिवशी रॉबर्टो दे विसेन्झो पासष्ट फटक्यांत मैदान मारून आला. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस. सतराव्या खड्ड्यावर त्याला तीन फटके लागले होते. लाखो लोकांनी टेलिव्हिजनवर पाहिलं. पण कार्ड लिहिणाऱ्या जोडीदारानं लिहिले चार. यानं बेरीज न तपासता सही ठोकली. नियम असा, की सहीच्या वर कमी आकडा लिहिला गेला असेल तर खेळाडू बाद, आणि जास्त लिहिला गेला असेल तर तोच कायम. पासष्टचे सहासष्ट झाले, बॉब गोल्बीशी झालेली बरोबरी मोडली आणि गोल्बी जिंकला.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा अप्पांनी चश्मा काढून टेबलावर ठेवला. ''व्हाउचर न तपासता सही!'' ते पुटपुटले. ''वाढदिवसाच्या दिवशी! अरेरे.'' आणि मग थोड्या वेळानं, ''पण आकडा बदलला नाही त्यांनी. लाखो लोकांनी पाहिलं तरी नाही बदलला. खेळ चांगला आहे रे.'' त्या दिवसापासून अप्पा गोल्फचे झाले. त्यांच्या मते तो मुळात कॅश विभागाचा खेळ आहे आणि चुकून मैदानावर गेला.

आता सराव. परभणीच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानात मी गोल्फचे दांडे मागितले. मालकानं अत्यंत अदबीनं कॅरमची पावडर पुढे ठेवली. शेवटी दांडा मामांनीच केला. बांधावरच्या बाभळीची एक फांदी त्यांनी अशी निवडून तोडली, की तिचं टोक आपोआप पावलासारखं वळलेलं. मी म्हटलं, ''मामा, पूर्वी साहेबलोकांच्या दांड्याचं डोकं पर्सिमन नावाच्या लाकडाचं असे. ते झाड आपल्या टेंभुर्णीच्या गोतातलं.'' मामा म्हणाले, ''मग टेंभुर्नीचंच आनलं असतं की. आधी कामून न्हाई सांगितलं?'' मेहुण्यानं कुरिअरनं तीन जुने चेंडू पाठवले होते. ते घेऊन आम्ही फेब्रुवारीतल्या एका रविवारी झिरो फाट्याकडच्या रस्त्याला असलेल्या मामांच्या दीड एकरात उतरलो.

तूर निघून रान मोकळं झालं होतं. ज्यांनी आमच्याकडची काळी जमीन उन्हात पाहिली नाही त्यांना सांगतो, पाऊस सरला आणि ओल हटली की ती तडकते. हात जाईल एवढ्या भेगा. खारघरला खड्डे शोधत फिरावं लागेल, मामांच्या शेतात खड्डा नसलेली जागा शोधावी लागत होती. अप्पांनी पहिला टोला मारला. चेंडू बांधाच्या दिशेनं गेला, दोन टप्पे घेतले आणि भेगेत नाहीसा झाला. एका फटक्यात खड्डा! या पराक्रमासाठी बड्या बड्या खेळाडूंना आयुष्य घालवावं लागतं. फक्त चेंडू परत आला नाही. आम्ही काड्या घातल्या, बॅटरी मारून पाहिलं. जूनमध्ये पाऊस पडला की भेग मिटेल आणि तो चेंडू मामांच्या सात-बाऱ्यावर कायमचा लागेल.

माझे फटके सांगण्यासारखे नाहीत, कारण त्यांतले बरेचसे चेंडूला लागलेच नाहीत. मग अप्पांनी दांडा मामांपुढे केला.

''न्हाई न्हाई,'' मामा मागे सरले. ''मी थैलीवाला.''

''मारा हो एकदा.''

मामांनी इकडेतिकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि विटीला मारावा तसा कोपरातून झटका दिला. चेंडू सपकन उडाला. शेजाऱ्याचा हरभरा ओलांडून पार पलीकडच्या नाल्यापर्यंत गेला असेल. लहानपणी वकट, लेंड, मुंड मोजत अख्खं गाव पालथं घातलेला हात तो. मामा स्वतःच दचकले आणि आधी म्हणाले काय, तर ''सायेब, कुनाला लागला नसंल ना?''

परत येताना बांधावर बसून शेंगा खाल्ल्या. मी मैदानाचं वर्णन करत होतो. हिरवळ कशी असते, चेंडू मारताना ढेकूळ उखडलं तर ते परत बसवायचं, वाळूत पाय उमटले तर दाताळ्यानं सारखे करायचे. मामांना हे फार पटलं. ''म्हंजी शेतीच हाय ही. पीक तेवढं न्हाई.'' मग त्यांनी विचारलं, ''त्या गवताला पानी किती लागत आसंल?''

मी गप्प राहिलो. मामांची धाकटी लातूरला दिली आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या महिन्यात मामा लेकीकडे जाताना एसटीत पाण्याचे दोन कॅन घेऊन गेले होते. आहेर म्हणून. असल्या माणसाला गवताचा हिशेब कुठल्या तोंडानं सांगणार? मामाच म्हणाले, ''आसू द्या. हिरवं बगायला काय लागतंय?'' आणि शेंगांची टरफलं झटकून उठले.

राहिला थैलीचा प्रश्न. मामा आपला हट्ट सोडीनात. कॉलरचा शर्ट खोचून घालावा लागतो हे कळल्यावर ते म्हणाले, ''बँकेचा युनिफॉर्म हाय की. इस्त्री करून घालतो.'' अप्पा एकदम कडाडले, ''युनिफॉर्म घालून आलात तर तिथं कुणीही थैली हातात देईल तुमच्या!'' मग स्वतःच ओशाळले.

''देऊ द्या की,'' मामा शांतपणे म्हणाले. ''तीस वर्सं लेजरं उचलली. हे चौदा दांडे ते काय! तुमी खेळा, मी मागं चालतो. तेवढंच बगनं होतंय.''

मी माझ्या परीनं समजूत घालायला गेलो. म्हटलं, ''मामा, दिल्लीला अली शेर म्हणून एक होते. गोल्फ क्लबात लोकांच्या थैल्या उचलायचे. १९९१ साली त्यांनी इंडियन ओपन जिंकली. त्याआधी एकाही भारतीय व्यावसायिक खेळाडूला ती जिंकता आली नव्हती.''

मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

''मग त्या रोजी त्यांची थैली कोनी धरली?''

या प्रश्नाचं उत्तर कॉमर्सच्या अभ्यासक्रमात नव्हतं. अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. मी उगाच एक व्हाउचर दोनदा पंच केलं.

एलएफसीच्या अर्जावर मामांनी सही केली तेव्हा 'प्रवासाचे ठिकाण' या रकान्यात मी 'नवी मुंबई' लिहिलं. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, ''मामा, देवदर्शन?'' मामा म्हणाले, ''गोल्प.'' साहेबांनी पेन खाली ठेवलं, मामांकडे पाहिलं, परत पेन उचललं आणि सही केली. न तपासता केली असावी.

मार्चअखेर बँकेतून कुणाला हलता येत नाही, म्हणून एप्रिलचा दुसरा शनिवार-रविवार धरला. हल्ली साठ दिवस आधी रिझर्व्हेशन उघडतं. सकाळी आठच्या ठोक्याला अप्पा खिडकीवर हजर. शुक्रवारी रात्री देवगिरीत बसायचं, सकाळी ठाण्याला उतरायचं, तिथून पनवेलच्या लोकलनं बेलापूर, आणि बेलापूरहून २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या मेट्रोनं सेंट्रल पार्क. वाटेत 'आरबीआय कॉलनी' नावाचं स्टेशन लागतं. तिथं उभं राहून मानवंदना द्यायची, असा ठराव समितीनं एकमतानं केला. रिझर्व्ह बँकेचं कुणी आपल्याकडे तपासणीला न येता आपणच त्यांच्या दारावरून जायचं, हा योग नोकरीत एकदाच.

फॉर्मवर नावं पाच. अप्पा, मी, आमची ही (तिला गोल्फशी कर्तव्य नाही, भावाच्या घरी जायचंय), मामा आणि मामी. मामींनी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या पलीकडे रेल्वे पाहिलेली नाही. तिकिटं दाखवायला आम्ही संध्याकाळी मामांच्या घरी गेलो. चहा झाला. बोलता बोलता थैलीचा विषय परत निघाला. मामा म्हणत होते मीच धरणार, अप्पा म्हणत होते तुम्ही खेळणार, मी मधे चिटणीस.

मामी दाराआडून ऐकत होत्या. त्या पदर खोचून बाहेर आल्या.

''ती मोबाइलमधली पोरगी खेळली तवा थैली कोनी धरली होती म्हणलात?''

''तिच्या आईनं,'' मी म्हटलं.

''मग ह्यांची मी धरते. पाण्याच्या घागरींपरीस जड न्हाई ना?''

''अगं, तिथं लोक बगतील,'' मामा म्हणाले.

''बगू द्या की. घागर नेताना बी बगतेतच.''

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी तिकीट परत हातात घेतलं, उजेडात धरलं आणि आपलं नाव बोटानं वाचलं. मामींनी कपबशा उचलल्या आणि आत जाता जाता मला एवढंच विचारलं, की त्या थैलीला बाहेरून कप्पा असतो का, धपाटे ठेवायला.